दर खेपेला गाडी वेगळी, डॅशकॅम एकच: खान्देशातल्या एका उन्हाळ्या-पावसाळ्याचा अनुभव

स्वतःच्या गाडीत डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेवरून रस्ता टिपत राहणारा कॅमेरा, एकदा बसवला, वायर छताच्या कडेने ओढली, की पुढे त्याच्याकडे बघायचं कारण नसतं. माझं तसं नाही. काम ठिबक सिंचनाचं, फिरणं जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांत, आणि गाडी दर खेपेला वेगळी. कधी जळगावात घेतलेली सेल्फ-ड्राइव्ह, कधी डीलरची जुनी बोलेरो, कधी चाळीसगावच्या साडूभाऊंची नवी कोरी गाडी. कॅमेरा बॅगेत असतो, गाडी मिळाली की काचेवर चढतो, परत देताना उतरतो. गेल्या हिवाळ्यापासून हे चाललंय.

कॅमेरा सात हजारांच्या आतला, १४४०पी, जीपीएसवाला, फक्त पुढचं टिपणारा. ब्रँडचं नाव देत नाही, कारण भाड्याच्या गाडीत चित्राचा दर्जा ही चौथ्या-पाचव्या नंबरची गोष्ट आहे. आधी उष्णता, मग काचेला धरून राहणं, मग वीज. जाहिराती नेमक्या उलट्या क्रमाने बोलतात. पहिल्या ओळीत ४के, आणि बॅटरी कुठली हे शेवटी बारीक अक्षरात.

मे महिन्यातला जळगाव-भुसावळचा पारा इकडच्या कुणाला सांगायला नको. ४५ ही बातमीसुद्धा होत नाही. अशा दुपारी काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड बाहेरच्यापेक्षा २०-२५ अंशांनी सहज वर जातो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या खोक्यावर चालण्याची मर्यादा ६० अंश लिहिलेली असते. त्यामुळे आत लिथियम बॅटरी असलेला कॅमेरा इथे घेऊच नका. ती फुगते, कॅमेऱ्याची पाठ उचलली जाते, आणि मग चार्जर काढला की कॅमेरा लगेच मरतो. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरीऐवजी सुपर कपॅसिटर आहे. त्यात वीज साठते ती जेमतेम काही सेकंदांची, म्हणजे गाडी बंद झाली की चालू असलेली शेवटची फाइल नीट मिटवण्यापुरती. हातात धरून चालवता येत नाही, पण उन्हाने फुगायलाही आत काही नाही.

उलट, दर मुक्कामाला काढून घ्यावा लागतो ही जी कटकट वाटते, तिनेच माझा कॅमेरा उन्हाळ्यात वाचवला. सावद्याला केळीचे ट्रक भरत असतात तिथे दोन तास गाडी उन्हात उभी असते, तेव्हा कॅमेरा माझ्या डब्याच्या पिशवीत, सावलीत. परत आल्यावर आधी काचेवर एसीची हवा पाच मिनिटं सोडायची, मग तो चढवायचा.

माउंटवर थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच फुकट जातात. कॅमेऱ्यासोबत डबल टेपची चकती येते. ती दुसऱ्याच्या काचेवर लावली तर काढताना डिंक मागे राहतो, आणि गाडीवाल्याचं तोंड वाकडं होतं. रबरी सक्शन कप मार्चपर्यंत छान चालला. एप्रिलपासून रबर मऊ पडलं आणि एरंडोल-पारोळ्याच्या मधे कॅमेरा दोनदा मांडीवर आला. शेवटी जमलं ते स्टॅटिक फिल्मवर. काचेवर आधी डिंक नसलेली पारदर्शक फिल्म, आणि तिच्यावर चकती. परत देताना फिल्म सोलली की काच कोरी. फक्त काच आधी स्वच्छ पाहिजे. भाड्याच्या गाड्यांच्या काचांना आतून पॉलिशचा तेलकट थर असतो. स्पिरिटचा बोळा फिरवल्याशिवाय फिल्म टिकत नाही, बुडबुडे येतात.

पॉलिशचा दुसरा ताप जास्त मोठा. गाडी देताना मालक डॅशबोर्ड असा चकाकून देतात की त्यात तोंड दिसावं. ती सगळी चमक काचेत उमटते आणि रेकॉर्डिंगमध्ये रस्त्याच्या अर्ध्या भागावर डॅशबोर्ड तरंगतो. त्यावर गणपती असतो, सप्तशृंगी असते, यावलकडच्या गाडीत मनुदेवी असते. माझ्याकडच्या निम्म्या क्लिपांमध्ये ट्रकच्या पाठीवर देवीचं दर्शन आहे. देवाला हात लावायचा नाही. आजूबाजूला काळा, न चमकणारा कपडा अंथरायचा. पोलरायझर फिल्टरही घेतला, म्हणजे लेन्सवर लावायची, चमक कापणारी काच. दिवसा चमक बरीच कमी होते, पण अंधार पडला की तो काढावा लागतो, नाहीतर चित्र आणखी काळं. मी हल्ली कपड्यावरच भागवतो.

वीज म्हणजे लायटरचं सॉकेट. गाडी ताब्यात घेतानाच त्यात चार्जर घालून दिवा लागतो का बघा. आधीच्या गिऱ्हाइकाने हवा भरायचा पंप लावून फ्यूज उडवलेला असतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. नव्या गाड्यांत काही ठिकाणी सॉकेटच नाही, नुसते यूएसबी पोर्ट. त्यातला फोन जोडायचा पोर्ट कमी करंट देतो. कॅमेरा चालू होतो, बंद होतो, परत चालू होतो, आणि वर गाडीच्या स्क्रीनवर ‘डिव्हाइस ओळखता आलं नाही’ येत राहतं. म्हणून दोन्ही प्रकारच्या पिना बॅगेत ठेवतो. वायर समोरच्या खांबाच्या प्लास्टिकखाली खुपसू नका. बऱ्याच गाड्यांत तिथे पडद्याची एअरबॅग असते. दाराच्या रबरात दाबली तरी पुरे.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘२४ तास पार्किंग मोड’ लिहिलंय. भाड्याच्या गाडीत त्याचा उपयोग शून्य. चावी काढली की बहुतेक गाड्यांत सॉकेट मेलं. पार्किंग मोडला फ्यूज बॉक्समधून वायर ओढावी लागते, आणि दुसऱ्याच्या गाडीचा फ्यूज बॉक्स आपण उघडायचा नाही. पॉवर बँक लावून ठेवा असा सल्ला कुणी दिला तर तो पुण्यात थंडीत देतोय असं समजा.

आता रस्ते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर चोपडा-यावल पट्ट्यात गाडी चालवली की जी-सेन्सर म्हणजे काय ते कळतं. धक्का बसला की कॅमेऱ्याला अपघात वाटतो, आणि ती फाइल तो कुलूप लावून ठेवतो, म्हणजे नव्या रेकॉर्डिंगने पुसली जाऊ नये. सेटिंग कारखान्यातून येतं तसं ‘मध्यम’ ठेवलं, तर चोपड्याहून फैजपूरला पोहोचेपर्यंत कार्डावर अपघातच अपघात, आणि जागा संपल्याची टुकटुक सुरू. ‘कमी’ करा, आणि खरंच काही झालं तर बटण दाबून हाताने कुलूप लावा. कार्डाचा हिशेब असा: या दर्जाला तासाला साधारण ७-८ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीत आठेक तासांचं. एवढं पुरतं, पण कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलंच घ्या. साधी कार्डं सतत लिहिण्या-पुसण्यात आणि उन्हात लवकर जातात.

रात्रीचं चित्र? दिवसा दोन-तीन गाड्यांच्या अंतरावरची नंबरप्लेट वाचता येते. रात्री चालत्या गाडीची वाचता येईल ही आशा सोडा, सेन्सर कुठलाही असो. शहाद्याकडे गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या निघतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कॅमेऱ्यात त्या डोळ्यांना दिसतात त्याच्याही नंतर दिसतात. एक युक्ती मात्र कामाची आहे. माइक चालू असेल तर समोरच्याचा नंबर मोठ्याने वाचून टाकायचा. चित्रात नसला तरी आवाजात राहतो.

पण माइकचं पथ्य आहे. एकटा असेन तेव्हाच चालू. खान्देशात रिकामी गाडी घेऊन कुणी जाऊ देत नाही. ‘भाऊ, पारोळ्यालोंग सोडी द्या’ (पारोळ्यापर्यंत सोडा) म्हणत माणूस बसतो, आणि दहा मिनिटांत भाऊबंदकीपासून सोयरिकीपर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. ते आपल्या कार्डावर असण्याचं कारण नाही. एका आबांनी बसल्या बसल्या विचारलंच, ‘हाई काय शे? आमनं बोलनं भरी ऱ्हायनं का?’ (हे काय आहे? आमचं बोलणं भरलं जातंय का?) माइक बंद असल्याचं स्क्रीनवर दाखवलं, तेव्हा निवांत झाले.

या सगळ्यापेक्षा कॅमेऱ्याने पैसे वसूल केले ते गाडी परत देताना. धुळ्यात एका गाडीवाल्याने समोरच्या काचेवर खाली कोपऱ्यात गेलेली चीर दाखवली आणि काचेचे पैसे मागितले. घेताना मी फोनवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढलेला होता, पण संध्याकाळच्या उजेडात त्यात चीर काही ओळखू येईना. डॅशकॅमच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या फाइलमध्ये सूर्य समोरून आला आणि चीर चांदीच्या तारेसारखी चमकली. तारीख, वेळ, जीपीएसचा आकडा खाली, आणि गाडी अजून मुक्कामाच्या गेटातच. गाडीवाला बघत राहिला, मग म्हणाला, ‘जाऊ द्या भाऊ.’ म्हणून पहिली फाइल पुसू द्यायची नाही. गाडी हलली की बटण दाबून तिला कुलूप लावतो. बाकी बंपर, अलॉय, स्टेपनी, किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांच्यासाठी फोनचाच व्हिडिओ. डॅशकॅमला बंपर दिसत नाही.

सेल्फ-ड्राइव्हवाल्यांच्या गाडीत त्यांचाही जीपीएस असतो आणि वेगाची मर्यादा ओलांडली की दंड लागतो. आपल्या रेकॉर्डिंगवर वेग उमटत असला तर ताडून बघता येतं. पण तो आकडा आपल्या विरुद्धही तितकाच बोलतो, हे लक्षात ठेवून चालू ठेवा. मी ठेवतो.

नंबरप्लेटबद्दल एक. स्वतः चालवायला भाड्याने दिलेल्या नोंदणीकृत गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखालचा हा धंदा आहे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी ‘ओळखीत’ भाड्याने घेतली आणि ठोकली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. तिथे कितीही स्वच्छ व्हिडिओ असला तरी आधी हेच विचारतील की गाडी तुमच्याकडे कशी आली.

व्हिडिओ पुराव्यात कसा जातो तेही माहीत असावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी आता त्यातलं कलम ६३ आहे. कॉपी दिली तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते, म्हणजे फाइलवरूनच काढलेला असा आकडा, जो फाइलीत जरा बदल झाला तरी बदलतो. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक वादात हेच ठरवलं होतं: मूळ उपकरणच मालकाने कोर्टात आणून सिद्ध केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, नकलेला मात्र हवंच. म्हणून मोठं काही झालं तर कार्ड काढून बाजूला ठेवायचं आणि दुसरं घालायचं. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, ती मूळ फाइल राहत नाही. दाखवायला ठीक आहे.

दाखवायचीही एक अडचण. कॅमेऱ्याच्या वायफायला फोन जोडला की फोन इंटरनेट नाही म्हणून कुरकुरतो आणि जोडणी सोडतो. मोबाइल डेटा बंद करून जोडा. अमळनेरच्या बाजारात ट्रॅक्टरने मागे घेताना माझ्या दाराला ट्रॉली घासली, तेव्हा चारी बाजूंनी माणसं जमलेली आणि मी सेटिंगमध्ये. तोवर ट्रॅक्टरवाल्या दादांनी स्वतःच कबूल करून टाकलं होतं. त्यात ट्रॉली कडेने लागलेली, म्हणजे पुढच्या कॅमेऱ्यात फक्त ट्रॅक्टर मागे येताना दिसतो, घासल्याचा नुसता आवाज.

साडूभाऊंच्या गाडीत हा कॅमेरा लावणं हा वेगळाच विषय. ‘आमच्या गाडीवर भरवसा नाही का?’ असं विचारतात, आणि त्याला सरळ उत्तर नाही. मी त्यांना कन्नड घाट उतरतानाची पावसातली क्लिप पाठवली. झाडी, ढग, खाली चाळीसगावकडचा सपाट मुलूख. ती त्यांनी स्टेटसला ठेवली. आता गाडी घ्यायला गेलं की स्वतःच विचारतात, कॅमेरा आणला ना?

दोन बारीक गोष्टी राहिल्या. कॅमेरा पंधरा-वीस दिवस बॅगेत पडून राहिला की घड्याळ मागे जातं, कधी तर थेट जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला. जीपीएस मिळेपर्यंतच्या फाइलींवर तीच तारीख बसते, आणि नेमकी पहिली फाइलच आपल्याला हवी असते. त्यामुळे गाडी हलवण्याआधी ॲप उघडून वेळ जुळवून घ्या. दुसरं, मागचा कॅमेरा. विकणारा दोन हजार वर घेऊन देत होता, मी घेतला नाही. दर खेपेला दुसऱ्याच्या गाडीत मागच्या काचेपर्यंत वायर ओढायची आणि परत गुंडाळायची, एवढा धीर माझ्यात नाही. कायमची गाडी असती तर घेतला असता.