पेनड्राइव्हला फॅट३२, एक्सफॅट की एनटीएफएस?

ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट दाबलं की तिथं फाइल सिस्टीमची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धतीची, दोन-तीन नावं दिसतात आणि आपण जे आधीच सिलेक्ट असतं त्यावर ओके मारून मोकळे होतो. पण ड्राइव्ह कशाला लावायचाय ते आधी बघा, सगळा खेळ त्यावर आहे.

फॅट३२ म्हणजे १९९६ सालचं, जुनंपुराणं, पण चालतं सगळीकडं. सांगलीकडं सीझनला ऊस भरून कारखान्यावर निघालेल्या ट्रॅक्टरचा टेप असो की घरातला जुना टीव्ही, त्यांना सहसा हेच कळतं. अडचण एकच, एक फाइल ४ जीबीच्या आत पाहिजे. आता विश्रामबागच्या हॉलमधल्या लग्नाचं शूटिंग ६ जीबीच्या एका फाइलीत आलं तर ३२ जीबीचा ड्राइव्ह अख्खा रिकामा असला तरी कॉपी होणार नाय, फाइल टू लार्ज म्हणून मेसेज येतो आणि मग घरची मंडळी ड्राइव्हच डुप्लिकेट दिला म्हणून दुकानदाराशी भांडायला जातात! त्यात ३२ जीबीच्या वरचा ड्राइव्ह असला की बऱ्याच विंडोजच्या फॉरमॅट बॉक्समध्ये फॅट३२ दिसतच नाय, रुफससारखं सॉफ्टवेअर वापरावं लागतं.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६ ला आणलं, खास असल्याच फ्लॅश ड्राइव्हसाठी. मोठी फाइल बिनधास्त घ्या, विंडोज आणि मॅक दोन्हीवर वाचता-लिहिता येतं, लिनक्समध्ये पण २०१९ च्या ५.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) आलंय. कॅमेऱ्याची ६४ जीबीची कार्डं यातच फॉरमॅट होऊन येतात. माझं मत विचाराल तर शूटिंग, पिक्चर, ऑफिस-घर ने-आण याला डोळे झाकून हेच. फक्त कॉपी चालू असताना उपटायचं नाय, कारण यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं, फाइल गेली तर गेली. आणि ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हवर विंडोज डिफॉल्टला जागेचे १२८ केबीचे तुकडे पाडतं आणि एका तुकड्यात एकच फाइल बसते, म्हणजे ५ केबीची फाइलपण १२८ केबी खाते, सातबारा-दाखल्यांच्या हजारो बारक्या फाइली ठेवणाऱ्यांनी हे बघावं.

तिथं एनटीएफएस बरं, ४ केबीचे तुकडे आणि जर्नल पण. पण मॅकवर नुसतं वाचता येतं, टेप आणि बरेच मोबाइल तर ओळखतच नाहीत, त्यामुळं फक्त विंडोज-टू-विंडोज असेल तरच.

टेपसाठी १६ जीबीचा स्वस्तातला एक फॅट३२ वेगळाच ठेवा, मोठा ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करू नका. फॉरमॅट मारलं की सगळं उडतं हे सांगायला नको, पण फॅट३२ चं एनटीएफएस करायचं असेल तर विंडोजची कन्व्हर्ट कमांड डेटा न उडवता करते, एक्सफॅटला मात्र ती सोय नाय, डेटा काढूनच घ्यावा लागतो.