मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट: खरेदी विभागाच्या खुर्चीतून

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट म्हणजे प्रकल्पातली कामं, त्यांच्या तारखा आणि त्यांचे एकमेकांशी असलेले दुवे मांडायचं सॉफ्टवेअर. त्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक प्लॅनिंगवाल्यांनी प्लॅनिंगवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. मी खरेदीत आहे. इंडेंट (खरेदीची मागणी) आल्यापासून माल साइटवर उतरेपर्यंतची जबाबदारी माझी, आणि त्यासाठी या सॉफ्टवेअरची डेस्कटॉप आवृत्ती मी रोज उघडते. माझं ठाम मत आधीच सांगून टाकते: प्रकल्पात खरेदी बघणाऱ्या माणसाला या फाइलमधल्या स्वतःच्या ओळी स्वतः भरता आल्याच पाहिजेत. ते काम प्लॅनरवर सोडू नये.

कारण बहुतेक शेड्यूलमध्ये खरेदी एका ओळीत उरकलेली असते. ‘पंप खरेदी, १२० दिवस.’ संपलं. त्या एका ओळीत स्पेसिफिकेशन नक्की करणं, कोटेशन मागवणं, टेक्निकल क्लिअरन्स, तुलनापत्रक, वाटाघाटी, पीओ (खरेदीचा आदेश), व्हेंडरचं म्हणजे पुरवठादाराचं ड्रॉइंग, त्याची मंजुरी, उत्पादन, इन्स्पेक्शन, डिस्पॅच, वाहतूक असं सगळं कोंबलेलं असतं. उशीर झाला की ती ओळ लाल होते आणि सगळ्यांच्या नजरा खरेदीकडे वळतात. यातली निम्मी कामं खरेदीच्या हातात नसतातच. स्पेसिफिकेशन डिझाइनकडे, क्लिअरन्स वापरणाऱ्या विभागाकडे, पीओवरची सही वरिष्ठांकडे. ओळ फोडली, प्रत्येक तुकड्यापुढे जबाबदार माणसाचं नाव टाकलं आणि तुकडे एकमेकांना जोडले, की काम नेमकं कुणाच्या टेबलावर थांबलंय ते दिसायला लागतं.

आता ज्यासाठी मी हे सॉफ्टवेअर सोडणार नाही ती गोष्ट. व्हेंडर लीड टाइम, म्हणजे माल द्यायला लागणारा वेळ, सांगतो तो कॅलेंडरच्या दिवसांत. ‘पीओपासून ६० दिवस’ म्हणजे शनिवार-रविवार धरून ६०. प्रोजेक्टमध्ये मात्र नुसते ६० दिवस टाकले तर ते कामाचे दिवस धरले जातात, आणि पाच दिवसांच्या आठवड्याच्या कॅलेंडरवर त्यांचे बारा आठवडे होतात. प्रत्यक्षात ६० दिवस म्हणजे साडेआठ आठवडे. एका ओळीत जवळपास साडेतीन आठवड्यांचा खोटा उशीर! उपाय अगदी छोटा आहे. आकड्यापुढे नुसतं ‘डी’ (d) न लिहिता ‘ईडी’ (ed) लिहायचं. मग तो कालावधी सुट्ट्या न वगळता, रात्रंदिवस सलग मोजला जातो. उत्पादन आणि वाहतूक या ओळींना मी नेहमी हेच एकक लावते. कोटेशनची छाननी, ड्रॉइंगची मंजुरी ही ऑफिसातली कामं साध्या दिवसांतच ठेवते. एकाच साखळीत दोन्ही प्रकारचे दिवस नांदू शकतात, आणि खरेदीच्या कामाला नेमकं हेच लागतं.

वाहतुकीचा कालावधी काही जण दोन कामांमधल्या लिंकवर ‘लॅग’, म्हणजे मधलं अंतर, म्हणून टाकतात. चालतं, पण मला पटत नाही. लॅगला चार्टवर स्वतःची पट्टी नसते, नाव नसतं, जबाबदार माणूस नसतो. माल बंदरात अडकला तर तो उशीर कुठे नोंदवणार? वाहतुकीला स्वतंत्र ओळ द्यावी.

तारखांच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर शिस्त मागतं. व्हेंडरने डिस्पॅचची तारीख कळवली की ती थेट ‘फिनिश’च्या रकान्यात टाइप करायचा मोह होतो. तसं केलं की त्या कामावर ‘या तारखेच्या आधी संपणार नाही’ असं बंधन गुपचूप बसतं आणि कडेच्या रकान्यात कॅलेंडरचं छोटं चिन्ह उमटतं. पुढे मागची कामं लवकर आटोपली तरी ही ओळ अलीकडच्या तारखेला येत नाही, मिळालेला फायदा तिथेच जिरतो. त्याऐवजी माल साइटवर कधी लागणार ती तारीख ‘डेडलाइन’ म्हणून टाकावी. डेडलाइन कामाला बांधून ठेवत नाही. चार्टवर बाण दिसतो, आणि काम त्या तारखेपलीकडे जायला लागलं की लाल इशारा येतो. ‘टोटल स्लॅक’चा रकाना उघडा ठेवला तर किती दिवस हातात आहेत हेही कळतं. आकडा उणे झाला तर तेवढे दिवस कुठून तरी भरून काढावे लागणार. रोज सकाळी मी आधी तो रकाना बघते, मग फोन कुणाला करायचा ते ठरवते.

नेतृत्वाचा प्रश्न इथेच येतो. एका आढावा बैठकीत विषय निघाला की पॅनेल येणार कधी. व्हेंडरला नोटीस पाठवा, असा सूर होता. मी स्क्रीनवर इन्स्टॉलेशनची ओळ निवडली आणि ‘टास्क पाथ’मधून ‘ड्रायव्हिंग प्रेडेसेसर्स’ चालू केलं. हे केलं की निवडलेल्या कामाची तारीख ज्यांच्यामुळे ठरते तेवढ्याच मागच्या कामांच्या पट्ट्यांचा रंग बदलतो, बाकीच्या तशाच राहतात. रंगलेली साखळी उत्पादनातून मागे गेली ती थेट ड्रॉइंगच्या मंजुरीवर. ड्रॉइंग आमच्याच डिझाइन विभागात पडून होतं. व्हेंडरने ते वेळेत पाठवलं होतं आणि मंजुरीशिवाय तो पत्रा कापायला घेणार नव्हता, ते योग्यच होतं.

आमच्या प्रोजेक्ट हेडनी त्यानंतर जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. कुणाला झापलं नाही. “मॅडम, ही मंजुरी आज झाली तर तारीख काय येते?” एवढंच विचारलं. मी कालावधी बदलला, पुढच्या सगळ्या पट्ट्या सरकल्या, नवी तारीख समोर आली. त्यांनी तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरवल्या: डिझाइनप्रमुख बाहेर असतील तेव्हा त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरने सही करायची, आणि ड्रॉइंगवरचे शेरे सगळ्या विभागांनी एकदाच, एकत्र द्यायचे. सॉफ्टवेअरने निर्णय घेतला नाही. निर्णय कुठे अडलाय ते दाखवलं, आणि समोर तो घेणारा माणूस होता.

बेसलाइनबद्दलही, म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेल्या योजनेबद्दलही, तेच म्हणेन. एका फाइलमध्ये ११ बेसलाइन साठवता येतात, म्हणजे मूळ योजना, पीओनंतरची योजना, बदल मंजूर झाल्यानंतरची योजना अशा वेगवेगळ्या जपता येतात. पण प्रत्येक घसरणीनंतर मूळ बेसलाइनवरच नवी योजना चढवली तर उशीर कागदावरून पुसला जातो. मूळ बेसलाइनला हात लावायचा नाही, हा नियम वरिष्ठांनी घालून द्यायला हवा. खालच्या माणसाला तो धाकात पाळता येत नाही.

रिकामे रकाने ही आणखी एक जमेची बाजू. मजकुरासाठी ३० रकाने मोकळे आहेत आणि त्यांची नावं बदलता येतात. मी व्हेंडर, पीओ क्रमांक आणि इन्स्पेक्शन कोण करणार हे तीन भरते, आणि व्हेंडरच्या फोनआधी त्याच्या नावाने ग्रुप करून घेते. त्याच्याकडच्या सगळ्या वस्तू एकाखाली एक येतात, फॉलोअप एका फोनमध्ये होतो.

उणिवा आहेत, आणि खरेदीवाल्याला त्या बोचतात. खर्च कधी धरायचा यासाठी तीनच पर्याय: कामाच्या सुरुवातीला, शेवटी, किंवा सलग वाटून. खरेदीच्या पेमेंट अटी अशा नसतात. काही रक्कम ॲडव्हान्स, काही डिस्पॅचवर, काही चाचणीनंतर. ते दाखवायचं तर प्रत्येक हप्त्याला वेगळी ओळ करावी लागते. कोटेशनची तुलना, पीओ, माल मिळाल्याची पावती यातलं काहीही इथे होत नाही. त्यासाठी ईआरपी, म्हणजे कंपनीचे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर, लागतंच, आणि दोन्हीकडच्या तारखा जुळवायचं काम माणसाच्या गळ्यात पडतं. प्रत्येक कामाला एकच कालावधी देता येतो. व्हेंडर सांगतो ते आणि अनुभवावरून मला वाटतं ते, असे दोन अंदाज असतील तर दुसरा एखाद्या मोकळ्या रकान्यात ठेवावा लागतो. मॅकवर डेस्कटॉप आवृत्ती चालत नाही. आणि ज्याने कधी बार चार्ट हाताळला नाही त्याला पहिले काही आठवडे जड जातात, हे कबूल करायला हवं.

ठरावीक वस्तूंची नेहमीची खरेदी असेल, एकमेकांवर अवलंबून असलेली कामं नसतील, तर एक्सेल पुरेसं आहे; उगाच पैसे घालू नका. ऑर्डरप्रमाणे बनवून घ्यायचा माल, ड्रॉइंगची मंजुरी, इन्स्पेक्शन, लांबची वाहतूक आणि त्यावर टांगलेलं साइटचं काम असेल तर जरूर घ्या. घेतलंत तर पहिली ओळ भरायच्या आधी एक सेटिंग बदला. नवीन कामं मुळात ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ येतात आणि मागचं काम घसरलं तरी ती आपली तारीख सोडत नाहीत. स्क्रीनच्या तळाच्या स्टेटस बारवर क्लिक करून ‘ऑटो शेड्यूल्ड’ निवडा, मगच इंडेंट हातात घ्या.