व्हेरिएबल फॉन्ट : काही महिने रोजच्या कामात वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. काम पडद्यावर दिसायचं असेल तर व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाईलमधून हवी ती जाडी देणारा फॉन्ट, बिनधास्त घ्या. छपाईला द्यायचं असेल, किंवा फाईल दुसऱ्याच्या हातात जाऊन तो ती उघडणार असेल, तर त्याच फॉन्टच्या स्थिर प्रती (एकेका ठरलेल्या जाडीच्या वेगळ्या फाईली) काढून त्या वापरा. आता हे सविस्तर.

माझं काम बहुतेक देवनागरी मजकुराचं : वेबपेजेस, पुस्तिका, अधूनमधून स्लाईड्स. गेले काही महिने नोटो सान्स देवनागरी आणि अनेक देवनागरी या दोन कुटुंबांच्या व्हेरिएबल फाईली रोज वापरतोय. नोटोमध्ये जाडीचा अक्ष (अक्ष म्हणजे हवा तेवढा कमी-जास्त करता येणारा गुण) १०० ते ९०० आणि रुंदीचा ६२.५ ते १०० आहे. अनेकमध्ये जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : पूर्वी लाईट, रेग्युलर, बोल्ड अशी प्रत्येक जाडीची वेगळी फाईल असायची. व्हेरिएबल फॉन्टमध्ये अक्षराचा एक मूळ आकार असतो आणि त्याचा प्रत्येक बिंदू कुठल्या अक्षावर किती सरकायचा याची नोंद असते. जाडी ४३७ मागितली की सॉफ्टवेअर तेवढं सरकवून अक्षर काढून देतं. ओपनटाईप या फॉन्ट फाईलींच्या मानकाच्या १.८ आवृत्तीत ही सोय आली, सप्टेंबर २०१६ मध्ये, आणि ॲडोबी, ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट असे चौघे एकत्र येऊन ती जाहीर झाली. कल्पना मात्र जुनीच. ॲडोबीचे मल्टिपल मास्टर फॉन्ट १९९१ चे, ॲपलचं ट्रूटाईप जीएक्सही नव्वदच्या दशकातलं. दोन्ही मागे पडले, कारण ॲप्लिकेशनांनी साथ दिली नाही. म्हणून या वेळीही मला फॉन्टपेक्षा सॉफ्टवेअरांचीच परीक्षा घ्यायची होती.

एक गोष्ट सुरुवातीलाच खटकते : एक्स्टेन्शनवरून काहीच कळत नाही. टीटीएफ लिहिलेली फाईल साधी ट्रूटाईप असू शकते, ओपनटाईपच्या सगळ्या सोयी असलेली असू शकते, आणि व्हेरिएबलही असू शकते. आत एफव्हार नावाचं टेबल (फाईलमधला माहितीचा कप्पा) असेल तर फॉन्ट व्हेरिएबल, नसेल तर नाही. ते बघायला फॉन्ट उघडणारं एखादं साधन लागतं. बरेच प्रकाशक फाईलच्या नावात चौकटी कंसात अक्षांची नावं घालतात, तेवढाच आधार.

वेबवर हा प्रकार पक्का मुरलेला आहे. सफारी ११ आणि क्रोम ६२ मध्ये २०१७ साली, एज १७ आणि फायरफॉक्स ६२ मध्ये २०१८ साली हे आलं, त्यामुळे आज ब्राउझरची चिंता करायची गरज नाही. फक्त सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, फॉन्ट-फेस हा फॉन्ट जोडणारा नियम लिहिताना जाडीची पूर्ण रेंज द्यायला हवी, म्हणजे १०० ते ९०० असे दोन आकडे. ती दिली नाही तर ब्राउझर फॉन्टला फक्त ४०० चा समजतो आणि बोल्ड मागितलं की स्वतःच अक्षर फुगवतो. रोमन अक्षरात ते कदाचित खपून जाईल. देवनागरीत ‘ष्ठ’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांची पोटं भरून जातात आणि शिरोरेषा काजळ फासल्यासारखी दिसते.

दुसरी अडचण सीएसएसमधल्या फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज या गुणधर्माची. त्यात सगळे अक्ष एकत्र लिहावे लागतात. आतल्या घटकात फक्त जाडी लिहिली तर बाहेरून आलेली रुंदी पुसली जाते. जाडी आणि रुंदीसाठी नेहमीचे फॉन्ट-वेट आणि फॉन्ट-स्ट्रेच वापरले की हा प्रश्नच येत नाही, आणि हा खास गुणधर्म फॉन्टकर्त्याच्या स्वतःच्या अक्षांपुरता राखून ठेवता येतो.

‘एकच फाईल, म्हणून हलकी’ ही जाहिरात अर्धी खरी आहे. चार-पाच जाड्या वापरणार असाल तर बचत आहेच. फक्त रेग्युलर आणि बोल्ड लागत असतील तर दोन स्थिर फाईली मिळून लहान भरू शकतात, कारण व्हेरिएबल फाईलमध्ये तुम्ही कधीच न मागितलेल्या जाड्यांचाही हिशोब असतो. वॉफ २ या वेबसाठीच्या फॉन्ट-स्वरूपात ब्रॉटली कॉम्प्रेशन असल्यामुळे दोन्ही आवळल्या जातात, तरी मोजून बघावं. माझा उपाय पुढे सांगतो.

आता ज्यासाठी मी हा फॉन्ट सोडणार नाही ते कारण. मराठी मजकुरात रोमन शब्द, आकडे, सूत्रं येतच असतात. रोमनसाठी वेगळा फॉन्ट वापरला तर एकाची ४०० जाडी दुसऱ्याच्या ४०० शी जुळेल याची काहीही खात्री नसते. हे आकडे त्या-त्या कुटुंबापुरते असतात, दोन कुटुंबांतलं ते समान माप नव्हे. पूर्वी पर्याय दोनच होते : रेग्युलर फिकट वाटतोय तर मीडियम घ्या, आणि मीडियम गडद वाटला तर गप्प बसा. आता देवनागरी ४०० वर ठेवून रोमन ४३० वर नेता येतो, पान डोळे किलकिले करून बघायचं, करडेपणा एकसारखा दिसेपर्यंत सरकवायचं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं जाड भासतात, तिथे जाडी तीस-चाळीसने उतरवली की मजकूर शांत होतो. खूप लहान टाईपात उलट, थोडी चढवायची. ही बारीक दुरुस्ती स्थिर फॉन्टात शक्यच नव्हती, आणि वाचणाऱ्याला कारण न कळताही पान बरं वाटतं.

रुंदीच्या अक्षाबद्दल मात्र मी जरा हात आखडताच घेतो. मथळा एका ओळीत बसवायला तो मोहात पाडतो. पण देवनागरीत अक्षर आवळलं की आधी जोडाक्षरांचा जीव जातो. ‘राष्ट्र’, ‘वैशिष्ट्य’ असे शब्द नोटोच्या सर्वांत अरुंद टोकाला लहान आकारात वाचून बघा. मोठ्या मथळ्यात चालतं, मजकुरात मी पूर्ण रुंदीच्या फार खाली उतरत नाही.

देवनागरीची खरी कसोटी मात्राचिन्हांत आहे. जाडी बदलली की काना सरकतो, मग त्यावरचा रफार आणि अनुस्वारही सरकायला हवेत. ही माहिती जीपॉस आणि जीडेफ या टेबलांमध्ये असते, आणि अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाने ती बदलत्या जाडीसकट वाचायला हवी. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांच्या पोटात हार्फबझ हे एकच इंजिन आहे आणि ते हे नीट करतं. जिथे इंजिन अर्धवट असतं तिथे अक्षर जाड होतं आणि अनुस्वार जुन्याच जागी राहतो. तपासायला मी ‘सर्वांत’, ‘कार्यांमध्ये’, ‘र्‍हस्व’ आणि ‘किंकर्तव्य’ हे शब्द सर्वांत जाड टोकाला टाकून बघतो. हे चार उत्तीर्ण झाले तर बाकी सहसा ठीक असतं.

डेस्कटॉपवर चित्र विस्कळीत आहे. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्ये २०१७ च्या अखेरीस सोय आली, इनडिझाईनला दोन वर्षं जास्त लागली. इंकस्केप १.० मध्ये २०२० साली, ॲफिनिटी २.५ मध्ये २०२४ साली आली. लिबरऑफिसची पीडीएफ व्हेरिएबल फॉन्ट नीट सांभाळू लागली ती ७.५ पासून, म्हणजे २०२३ साली. ‘सोय आहे’ या दोन शब्दांत मात्र बरंच काही दडलेलं असतं. काही ठिकाणी खरा स्लायडर मिळतो. काही ठिकाणी फॉन्टकर्त्याने नावं दिलेल्या ठराविक जाड्याच यादीत येतात, ४३० वगैरे विसरा. शिवाय स्लायडर आहे म्हणून जोडाक्षरं जुळतील असंही नाही, त्या दोन वेगळ्या सोयी आहेत. इनडिझाईनमध्ये देवनागरीसाठी वर्ल्ड-रेडी कम्पोझर (अक्षरं जुळवणारी सेटिंग) निवडावा लागतो, फॉन्ट व्हेरिएबल असो वा नसो.

आणि कृपा करून एकाच कुटुंबाची व्हेरिएबल आणि स्थिर प्रत एकाच मशीनवर बसवू नका. दोन्हींची नावं सारखी असल्यामुळे यादीत कुठली कुठली हे कळत नाही, आणि बोल्डचं बटण दाबल्यावर कुठल्या फाईलमधून अक्षर येईल याचा भरवसा नाही.

पीडीएफ हा वेगळाच विषय. पीडीएफच्या मानकात व्हेरिएबल फॉन्टला जागाच नाही. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअरने त्या क्षणीची जाडी गोठवून स्थिर फॉन्ट आत बसवायचा असतो. चांगली सॉफ्टवेअरं ते करतात. क्रोममधून पान पीडीएफ केलं तर असा फॉन्ट टाईप ३ या पीडीएफमधल्या जुन्या फॉन्ट-प्रकारात बसतो. तो दिसायला ठीक असतो, पण छपाईआधीच्या तपासणीत अनेकदा त्यावर बोट ठेवलं जातं.

अक्षरांचं आऊटलाईन करून, म्हणजे मजकुराचं रेषांच्या आकारांत रूपांतर करून, द्यायची सवय असेल तर आणखी एक गंमत. व्हेरिएबल फॉन्टमध्ये अक्षराचे भाग एकमेकांवर चढलेले ठेवतात, कारण दोन टोकांच्या आकारांत बिंदूंची संख्या आणि क्रम तोच राहावा लागतो. देवनागरीत काना आणि शिरोरेषा जिथे मिळतात तिथे हे हमखास असतं. नुसत्या भरलेल्या रंगात कळत नाही, पण अक्षराला बाह्यरेषा दिली की आतले सांधे उघडे पडतात.

म्हणून मी आता फॉन्टटूल्स या साधनसंचातलं इन्स्टन्सर वापरतो. पायथनवर चालणारी फुकट, खुली गोष्ट आहे, कमांड लाईनची भीती नसावी एवढीच अट. जाडी आणि रुंदीचा आकडा दिला की त्या आकड्याची स्थिर फाईल मिळते. ओव्हरलॅप काढण्याचा पर्याय त्यातच आहे, त्यासाठी स्किया-पाथऑप्स हे जोडमॉड्यूल लागतं. नावं आपोआप बदलून घेण्याचाही पर्याय आहे, मात्र फॉन्टमध्ये नीट भरलेलं स्टॅट टेबल (अक्षांवरच्या जागांची नावं नोंदणारं) हवं. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अक्ष पूर्ण गोठवायची सक्ती नाही. रुंदी १०० वर पक्की करून जाडी फक्त ४०० ते ७०० ठेवली की फॉन्ट व्हेरिएबलच राहतो आणि फाईल बरीच खाली येते. वेबपेजांसाठी मी हेच करतो. हा वर म्हटलेला उपाय.

अशा कापलेल्या प्रती दुसऱ्याला देण्याआधी परवाना वाचा. ओपन फॉन्ट लायसन्सखाली बदल करून वाटायला परवानगी आहे, पण फॉन्टकर्त्याने नाव राखीव ठेवलं असेल तर बदललेल्या प्रतीला ते नाव देता येत नाही. तशी नोंद परवान्याच्या फाईलमध्ये अगदी वर, कॉपीराईटच्या ओळीपाशी असते. विकतच्या फॉन्टमध्ये तर बदल करायलाच मनाई असू शकते, तिथे विक्रेत्याकडून स्थिर फाईली मागून घ्याव्यात. बरेच जण व्हेरिएबलबरोबर त्या देतात.