सडपातळ, काटक शरीराला लायपोसक्शन: काढावं, गोठवावं की राहू द्यावं?

तिने टी-शर्ट थोडा वर केला, बेंबीच्या जरा वरचा उंचवटा दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "ताई, एवढंच काढायचंय." वजन ५४ किलो. दहा किलोमीटर सहज पळते, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते. "मी तर फिट आहे, मला काय धोका असणार?"

मी ट्रेनर आहे, डॉक्टर नाही. पण या वाटेने गेलेल्या काही जणांना नंतर पुन्हा हळूहळू व्यायामाला लावायचं काम माझ्याकडे आलं. त्या निमित्ताने सर्जन, भूलतज्ज्ञ यांना विचारत आणि वाचत माझं एक मत तयार झालं आहे. अंगावर मुळात चरबी कमी असलेल्या माणसापुढे तीन वाटा असतात: शस्त्रक्रियेने चरबी ओढून काढणं, यंत्राने गोठवणं किंवा हात न लावणं. तिन्हींची तुलना करायची तर आधी "सुरक्षित" या शब्दाचे दोन भाग करावे लागतात. एक जिवाचा धोका, दुसरा रूपाचा. सडपातळ माणसाच्या बाबतीत हे दोन्ही धोके उलट दिशेने जातात. बहुतेकांना पहिल्याची भीती वाटते आणि दुसऱ्याचा विचारही मनात येत नाही.

लायपोसक्शन

१९२० च्या दशकात फ्रान्समध्ये एका नर्तकीच्या पोटऱ्या आणि गुडघे बारीक करण्यासाठी एका सर्जनने गर्भाशय खरवडण्याचं हत्यार वापरून चरबी काढली. रक्तवाहिनीला इजा झाली आणि शेवटी पाय कापावा लागला. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात सगळ्यात जुनी म्हणून सांगितली जाणारी ही घटना, आणि ती एका कसलेल्या, सुदृढ शरीराची आहे, हे मला नेहमी लक्षात ठेवावंसं वाटतं.

त्यानंतर तंत्र फार बदललं. बोथट टोकाची नळी म्हणजे कॅन्युला आली. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी खूप पातळ केलेलं लिडोकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनॅलिन सलाईनमधून चरबीत भरायची पद्धत आणली. रक्तस्राव एकदम कमी झाला आणि पूर्ण भूल न देताही काम होऊ लागलं. तरी धोका शून्य झाला नाही. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांची १९९४ ते १९९८ या काळातली एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यात साधारण ५,२२४ शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू असं प्रमाण निघालं. सगळ्यात मोठं कारण रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकणं, त्याखालोखाल नळी पोटाच्या भिंतीतून आत जाणं. नंतरच्या पाहण्यांत हे प्रमाण बरंच खाली आलेलं दिसतं.

सडपातळ माणसाला इथे काही गोष्टी अनुकूल आहेत. काढायची चरबी थोडी असते. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त काढणं मोठ्या प्रमाणातलं मानतात, त्याच्या जवळपासही जायची वेळ येत नाही. शस्त्रक्रिया लवकर आटोपते, हृदय-फुप्फुसं दमदार असतात आणि माणूस त्याच दिवशी चालू लागतो, म्हणून गुठळीची शक्यताही कमी राहते.

पण दोन गोष्टी उलट्या पडतात. पहिली लिडोकेनची. त्याची मर्यादा वजनावर ठरते. क्लाइन यांनी १९९० मध्ये सुचवलेली मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम होती, पुढे ती ५५ पर्यंत गेली. ३५ च्या हिशेबाने ८० किलोच्या माणसाला २,८०० मिलिग्रॅम चालतात, तर ५४ किलोच्या मुलीला १,८९० च. "पोटाबरोबर मांड्याही करून टाकू" म्हटलं की ही मर्यादा लहान अंगाला पटकन गाठते. शिवाय रक्तातलं लिडोकेन सगळ्यात वर जातं ते साधारण बारा तासांनी, म्हणजे तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हा. ओठ-जीभ बधिर होणं, तोंडात धातूची चव येणं, कानात आवाज, गरगरणं यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. त्या रात्री सोबत कुणीतरी असायलाच हवं.

दुसरी पोटाच्या भिंतीची. नळी त्वचा आणि स्नायू यांच्यामधल्या चरबीतून फिरते. ती जागाच पातळ असेल तर सर्जनच्या हाताला चुकायला वाव कमी राहतो. त्यात छोटा हर्निया किंवा जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असेल तर धोका वाढतो. त्यामुळे पोटाला हात लावण्याआधी नीट तपासणी आणि शंका असल्यास सोनोग्राफी, यावर मी अडून बसायला सांगते.

आता रूपाचा धोका. जाड गादीतून मूठभर कापूस काढला तर कुणाला कळत नाही. पातळ दुलईतून काढला तर हात फिरवताच कळतं. चांगली लायपोसक्शन करणारा सर्जन त्वचेखाली चरबीचा एक सलग पातळ थर जाणूनबुजून ठेवतो. तो थर गेला की त्वचा थेट स्नायूला चिकटते, आणि स्नायू हलला की खड्डाही हलतो. कमावलेल्या शरीरात स्नायू तर सारखे हलतात. शिवाय कुल्ल्याखालची घडी, मांडीच्या आतल्या बाजूचा मधला भाग, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा गुडघ्याकडचा भाग अशा काही जागांवर त्वचा मुळातच खालच्या पडद्याला घट्ट बांधलेली असते. तिथे नळी फिरवली की खाचा पडण्याची शक्यता जास्त, म्हणून जाणते सर्जन त्या जागा टाळतात.

जिममधला एक तरुण मला विसरता येत नाही. चरबी खरवडून पोटावर सिक्स पॅकच्या रेषा कोरून घेतल्या होत्या. सरळ उभा असताना छान दिसायचं. पण वरून ट्यूबलाईटचा उजेड पडला की बेंबीच्या उजवीकडे दोन बोटं रुंद पन्हाळ दिसायची, आणि पोट आवळलं की ती आणखी खोल जायची. तो क्रंचेस करताना टी-शर्ट खाली ओढून धरायचा. असा खड्डा भरायचा तर अंगावरची दुसरीकडची चरबी काढून तिथे सोडतात. त्याच्या अंगावर काढण्याजोगी चरबीच नव्हती. आधीच चरबी कमी असलेल्या शरीरावर स्नायूंच्या रेषा कोरायला मी ठाम नाही म्हणते, त्याचं कारण हा मुलगा.

नंतरच्या दिवसांबद्दलही बोलायला हवं, कारण खेळाडू माणूस इथेच चुकतो. चालणं पहिल्या दिवसापासून. हलका व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी, पळणं आणि जड वजनं चार ते सहा आठवड्यांनी, तीही सर्जनने होकार दिल्यावर. घट्ट पट्ट्याचे कपडे बरेच आठवडे घालायचे. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने लागतात. बरं वाटतंय म्हणून दहाव्या दिवशी स्क्वॉट मारले की सूज वाढते, त्वचेखाली पाणी साठतं, ते सुईने काढत बसावं लागतं. शस्त्रक्रियेपूर्वी घेत असलेलं सगळं सांगा: अंगदुखीवर सहज घेतलेली आयबुप्रोफेन, फिश ऑइल, फॅट बर्नर, क्रिएटिन, गर्भनिरोधक गोळ्या आणि कधी स्टेरॉइड घेतली असतील तर तीही. पहिल्या दोन्हींमुळे रक्तस्राव वाढू शकतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो, आणि उत्तेजक असलेल्या फॅट बर्नरवर अ‍ॅड्रिनॅलिन म्हणजे हृदयावर दुहेरी मारा. विश्रांतीतली नाडी ४५-५० असेल तर तेही भूलतज्ज्ञाला आधी सांगून ठेवा.

काढलेली चरबी परत येते का? कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये लठ्ठ नसलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात शरीरातली एकूण चरबी पूर्वीइतकी झाली होती, फक्त मांड्यांवर न येता वरच्या पोटाकडे सरकली होती. साओ पाउलोमधल्या २०१२ च्या अभ्यासात नेहमीच्या वजनाच्या ३६ स्त्रियांच्या पोटाची लायपोसक्शन झाली. नंतर व्यायाम न करणाऱ्या गटात आतड्यांभोवतीची, म्हणजे आरोग्याला खरी जाचक असलेली चरबी सहा महिन्यांत साधारण १० टक्के वाढली. व्यायाम करणाऱ्या गटात ती वाढली नाही. हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे, फक्त ते विश्रांतीचे आठवडे संपल्यावर व्यायाम खरोखर सुरू व्हायला हवा.

चरबी गोठवणं

क्रायोलिपोलिसिसमध्ये नळी नाही, भूल नाही, टाके नाहीत. यंत्राचा कप त्वचेची घडी ओढून घेतो आणि थंडीने तिथल्या चरबीच्या पेशी मरतात. पुढच्या दोन-चार महिन्यांत त्या जागेचा थर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कमी होतो. अमेरिकेत २०१० मध्ये कंबरेच्या बाजूंसाठी याला मान्यता मिळाली. जिवाच्या धोक्यात ही वाट शस्त्रक्रियेच्या पुष्कळ पुढे आहे, यात शंका नाही.

अडचण अशी की कपात यायला घडी हवी. काटक माणसाच्या पोटावर ती नीट भरत नाही. आणि एक दुष्परिणाम दुर्मीळ असला तरी ठाऊक हवाच: काही जणांत ती चरबी कमी होण्याऐवजी वाढते, कपाच्याच आकाराचा टणक गोळा होतो. वैद्यकीय नियतकालिकात याची नोंद पहिल्यांदा २०१४ मध्ये झाली, आणि मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये स्वतःबद्दल जाहीरपणे सांगितल्यावर ती जगभर पोचली. हा गोळा आपोआप जात नाही. त्यावर बहुतेक वेळा उपाय करतात तो लायपोसक्शनचाच, म्हणजे जी शस्त्रक्रिया टाळायला इथे आलो तीच. थंडीने अंगावर गांधी उठणाऱ्यांनी, थंडीशी संबंधित रक्ताचे आजार असणाऱ्यांनी आणि त्या जागी हर्निया असलेल्यांनी ही वाट धरू नये.

चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल एकच वाक्य: डीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी, पोटासाठी नाही.

हात न लावणं

ही वाट फुकटची आणि निर्धोक वाटते, पण तिच्यातही एक खड्डा आहे. कितीही क्रंचेस केले तरी ठरावीक जागेची चरबी उतरत नाही. मग माणूस जेवण कमी करत जातो. स्त्रीच्या शरीराला साधारण १२ टक्के आणि पुरुषाच्या शरीराला ३ टक्के चरबी निव्वळ जगायला लागते, आणि त्या आकड्याच्या कितीतरी आधीच त्रास सुरू होतो. व्यायाम भरपूर आणि खाणं अपुरं राहिलं की पाळी लांबते किंवा थांबते, हाडांना बारीक तडे जातात, झोप आणि ताकद दोन्ही ढासळतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याला स्वतंत्र नाव देऊन इशारे दिले आहेत. मांडीवरचा फुगवटा घालवायला सहा महिने उपाशी राहण्यापेक्षा चांगल्या हाताने केलेली छोटी लायपोसक्शन मला कमी धोक्याची वाटते, हे मी स्पष्ट लिहिते.

मी कुणाला काय सांगते

वजन वर्षभर स्थिर आहे, आई-मावशीलाही तसाच मांडीचा किंवा कंबरेचा फुगवटा आहे आणि तो चिमटीत भरगच्च येतो, अशांना मी लायपोसक्शनचा सल्ला जरूर घ्यायला सांगते. माझ्याकडच्या एका धावपटूने मांड्यांची करून घेतली. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा हळू पळाली तेव्हा संध्याकाळपर्यंत पायांवर पट्ट्याचे वळ उठायचे, चौथ्या महिन्यात ते थांबले. पळण्याची वेळ एका सेकंदाने बदलली नाही, पँट मात्र बसायला लागली. तिला तेवढंच हवं होतं. मात्र वरचं अंग बारीक आणि पाय जड, दाबल्यावर दुखणारे, सहज काळेनिळे पडणारे असतील तर तो लिपिडेमा, म्हणजे पायांत चरबी साठण्याचा आजार, असू शकतो, त्याचं निदान आधी.

स्पर्धा किंवा लग्न तीन महिन्यांवर असेल, दिवसातून दहा वेळा आरशात तीच जागा बघितली जात असेल, इतरांना ती दिसतही नसेल, तर थांबायला सांगते, आणि शेवटच्या दोन गोष्टींसाठी मानसोपचारतज्ज्ञाशी बोलायलाही. छातीचा उंचवटा असलेल्या मुलांना तो चरबीचा की ग्रंथीचा हे आधी तपासून घ्यायला सांगते, कारण ग्रंथी नुसत्या ओढण्याने नीट निघत नाही. पोट पुढे येतं पण चिमटीत काहीच येत नाही, तिथेही चरबीला दोष देऊ नका. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेले असू शकतात.

सर्जनकडे गेलात की उभं करून तपासतात का, बसवून तपासतात का, हे बघा. किती काढणार हे सगळेच सांगतात. त्वचेखाली किती थर ठेवणार, माझ्या वजनाला लिडोकेन किती बसतं, खड्डा पडला तर काय करणार, हे तुम्ही विचारा.

त्या मुलीला मी जमिनीवर उताणं झोपवलं आणि मान जरा उचलायला सांगितली. एरवी त्या उंचवट्याची चिमूट दोन्ही बाजूंपेक्षा जाड नव्हतीच, पण मान उचलताच तो टम्म वर आला. मी तिला प्लास्टिक सर्जनऐवजी आधी जनरल सर्जनकडे पाठवलं. सोनोग्राफीत बेंबीच्या वर छोटा हर्निया निघाला.