एका लहान मंडळीचा इतिहास : पुस्तिकेचे परीक्षण

प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या एका छोट्या मंडळीने (स्थानिक चर्चने) स्वतःच्या वाटचालीवर काढलेली ही पुस्तिका मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा तिच्यातील सच्चेपणाने भारावून गेलो. प्रेसबिटेरियन परंपरेत बिशप नसतो. मंडळीने निवडलेले 'वडील' (एल्डर, म्हणजे जबाबदारी सोपवलेले सभासद) आणि पाळक (धर्मगुरू) यांचे 'सेशन' कारभार पाहते आणि त्याच्या इतिवृत्ताची वही 'प्रेसबिटरी' या परिसरातील मंडळ्यांच्या वरिष्ठ सभेकडे तपासणीसाठी जाते. या शिस्तीमुळेच मूठभर सभासदांच्या मंडळीचेही बाप्तिस्मे, विवाह, वाद आणि समेट कागदावर टिकून राहतात, आणि संपादकांनी नेमका याच वह्यांचा आधार घेतला आहे.

सर्वांत सरस प्रकरण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, बिल्ल्यांचे आहे. स्कॉटलंडमधून आलेल्या या प्रथेनुसार वडील घरोघरी जाऊन सभासदांची विचारपूस करीत आणि पात्र ठरलेल्यांना शिशाचा लहानसा बिल्ला देत. तो दाखवल्याशिवाय मेजाशी बसता येत नसे. बिल्ला नाकारला जाणे म्हणजे शेजाऱ्यांदेखत लाजिरवाणे होणे, हे लेखनात फार हळुवारपणे उतरले आहे.

अमेरिकेतील प्रेसबिटेरियन पंथात १८३७ साली 'ओल्ड स्कूल' व 'न्यू स्कूल' या दोन गटांत पडलेली फूट मात्र अर्ध्या पानात उरकली आहे. त्या फुटीमागे गुलामगिरीचा प्रश्नही होता, म्हणून ही घाई मला खटकली. पाळकांच्या छायाचित्रांना दिलेली पाने कमी करून वह्यांतील आणखी मूळ नोंदी छापायला हव्या होत्या, विशेषतः स्त्रियांच्या मदतनिधीच्या.