गोधडी धुवावी, रजईला ऊन द्यावे

हिवाळा सरल्यावर जाड पांघरुणे माळ्यावर ठेवण्यापूर्वी ती धुवावीत की केवळ कडक ऊन द्यावे, हे त्यांच्या आत काय आहे यावर ठरते. जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवलेली गोधडी निःशंकपणे धुवावी, कारण प्रत्येक थर टाक्यांनी धरलेला असल्यामुळे भिजल्यावरही आतले कापड सरकत नाही. धुण्याचा मोठा लाभ असा, की घाम, धूळ आणि धुळीतील सूक्ष्म किड्यांची विष्ठा, जिच्यामुळे अनेकांना शिंका व दम्याचा त्रास होतो, पाण्याबरोबर निघून जाते. हे किडे मरण्यासाठी मात्र पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअस तापलेले हवे. एवढ्या उष्णतेत कच्चा रंग उतरू शकतो, म्हणून आधी एक कोपरा भिजवून पाहावा. ओली गोधडी फार जड होते, तेव्हा ती दोन दोऱ्यांवर विभागून पसरावी.

कापसाची रजई धुण्याच्या मी ठाम विरोधात आहे. भिजल्यावर कापसाचे गोळे होतात, आतला ओलावा टिकून कुबट वास येतो आणि अखेरीस पिंजाऱ्याकडे जावे लागते. तिला दोन-तीन दिवस ऊन द्यावे, दुपारी उलटावे व काठीने झोडपावे. उन्हाने ओलावा जाऊन कापूस फुलतो, पण डाग जात नाहीत. त्यासाठी सुती खोळ घालून तीच वरचेवर धुवावी. घडी मात्र रजई पूर्ण गार झाल्यावरच घालावी.