पर्थच्या वाळूत एव्हरलास्टिंग डेझी: पेरणीपासून सुकवण्यापर्यंत

पर्थमध्ये नवीन घर घेऊन समोरची नुसती वाळू बघून ज्यांना टेन्शन आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. ॲन्झॅक डेच्या (२५ एप्रिल) सुट्टीत गुलाबी-पांढऱ्या एव्हरलास्टिंगचं मिक्स बी टाकलं होतं, आता नोव्हेंबर आलाय आणि झाडं वाळलीत, म्हणजे पूर्ण सीझन बघून झाला. इथे बियांपासून लावायला मला तरी याच्याइतकं चांगलं दुसरं फूल दिसत नाही.

मुळात हे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचंच, शास्त्रीय नाव ऱ्होडँथे. पर्थच्या उत्तरेला मुलेवा, मोरावा या गावांकडे स्प्रिंगमध्ये (इथे सप्टेंबरच्या सुमारास) जे फुलांचे गालिचे दिसतात त्यात हे असतं, पर्थच्या किंग्ज पार्कमध्ये पण दरवर्षी पेरतात. थंडीतल्या पावसावर वाढायचं आणि उन्हाळ्याआधी बी टाकून संपायचं ही त्याची रीत, म्हणून रेताड जमीन चालते, खताचे लाड नकोत. कंपोस्ट असलेल्या कोपऱ्यातली झाडं उंच होऊन लोळली, साध्या वाळूतली ताठ उभी राहिली.

बी मात्र कापसाळ असतं, रुईच्या म्हातारीसारखं, जरा वारा आला की गेलं हातातून. ओलसर वाळूत मिसळून फेकायचं, वरून हलका रेक फिरवायचा, खोल गाडायचं नाही. पाऊस लागेपर्यंत रोज हलकं पाणी, वरचा थर सुकला की उगवण गेलीच. आणि गोगलगायी! कोवळी रोपं रात्रीत साफ करतात, टॉर्च घेऊन वेचाव्याच लागतात. तण काढताना रोपं ओळखायची खूण म्हणजे पानं निमुळती, गुळगुळीत, करडट हिरवी.

ऑगस्टअखेर फुलं सुरू झाली. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो ती खरं तर मधल्या पिवळ्या गोंड्याभोवतीची कागदासारखी पानं, ती झाडावर असतानाच कोरडी असतात, बोट लावलं की कुरकुरतात, म्हणून तोडल्यावरही रंग टिकतो. ढगाळ दिवशी आणि संध्याकाळी मिटतात, त्यामुळे भरपूर ऊन येतं तिथेच लावा. गणपती नेमके याच सुमारास येतात ना, यंदा बाप्पाला घरच्याच फुलांचा हार केला आणि विसर्जनापर्यंत एक फूल कोमेजलं नाही. ओवताना सुई मधल्या गोंड्यातून घाला, देठ फार बारीक, लगेच तुटतो.

तक्रार एकच, पाकिटावर फोटो गुलाबी आणि निघाली बहुतेक पांढरी. पुढच्या वेळी रंग वेगवेगळे घेणार.

सुकवायची असतील तर अर्धवट उमललेली तोडून, जुड्या बांधून, सावलीत उलटी टांगा, आमच्या गॅरेजमध्ये मस्त सुकली. बाकीची झाडं उपटून त्याच वाफ्यावर झटकली की पुढच्या वर्षीचं बी तिथेच पडतं. बाहेर फिरायला गेल्यावर रानातून बी आणू नका हं, इथे रानफुलांना कायद्याचं संरक्षण आहे, नर्सरीत पाकीट सहज मिळतं.